लाईट गेली म्हणून वाचलेला सर्व्हर

(मागच्या रविवारच्या भागाचा मजकूर. बोलताना दोनदोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मागून थोडा आवाज येईल, सांभाळून घ्या. चौकला हायवेच्या बाजूला बसून रेकॉर्ड करतोय. खिडकी लावली तर उकडतं आणि उघडी ठेवली तर ट्रेलर तुमच्या कानात शिरतात. असो. त्या ट्रेलरपासूनच सुरुवात करूया, कारण आजचा विषय त्यांच्याशी जोडलेला आहे.

बऱ्याच जणांचे मेसेज आले होते की, दादा, आम्ही हार्डवेअर-नेटवर्किंग करतो, आजूबाजूची दुकानं, क्लिनिक, छोटे कारखाने सांभाळतो, आमच्यासाठी सर्व्हरवर एखादा भाग करा. म्हणजे कुठली विंडोज सर्व्हर कधी बंद होतेय, काय बदलायचं, काय नाही. ते सगळं सांगतो. पण आधी एक गोष्ट, आणि ती आपल्या रायगड जिल्ह्यातलीच आहे.

इथून पुण्याकडे जाणारे जे कंटेनर तुम्ही रोज बघता, त्यातले बरेचसे न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातून येतात. २७ जून २०१७च्या संध्याकाळी त्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. गेटवे टर्मिनल्स इंडिया, मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटातलं. क्रेन धडधाकट होत्या, माणसं हजर होती, बोटीही होत्या. पण कुठला कंटेनर कोणाचा आणि कुठे ठेवलाय, हे सांगणारी सिस्टीमच गेली होती. ट्रकच्या रांगा लागल्या. त्या दिवशी मर्स्कचे जगभरचे कॉम्प्युटर एकामागून एक बंद पडत गेले. त्या हल्ल्याला नंतर नॉटपेट्या असं नाव पडलं.

आता हा हल्ला आला कुठून? युक्रेनमधून, आणि तोही एका अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून. तिकडे एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे, कर भरायला वापरतात. आपल्याकडे टॅली जसं दुकानोदुकानी असतं तसंच. ते बनवणारी कंपनी छोटी, घरगुती म्हणावी अशी. हल्लेखोर तिच्या अपडेट देणाऱ्या सर्व्हरमध्ये घुसले आणि अपडेटमधूनच विष पाठवलं. पुढे ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका जुन्या भोकातून पसरलं. त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे साडेतीन महिने आधी. पण ज्यांनी पॅच टाकला होता तेही सगळे सुटले नाहीत. एका मशिनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मेमरीत सापडला की तोच घेऊन ते शेजारच्या मशिनवर जात होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

मर्स्कने नंतर दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. त्यांच्या चेअरमननेच जानेवारी २०१८ला दावोसमध्ये हे सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. पण मला या आकड्यांपेक्षा एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

मोठ्या नेटवर्कमध्ये डोमेन कंट्रोलर नावाचा सर्व्हर असतो. कोण माणूस आपला, कोणाला कुठे शिरायची परवानगी, ही सगळी यादी त्याच्याकडे. सोसायटीच्या वॉचमनची वही समजा. मर्स्ककडे असे साधारण दीडशे होते, जगभर पसरलेले, आणि प्रत्येकजण दुसऱ्याशी जुळवून घ्यायचा. एक गेला तर दुसरा आहे, ही योजना. सगळे एकदम जातील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आणि सगळे एकदम गेले. बाकीचं पुन्हा बांधायचं म्हटलं तर वहीच नाही!

शोधता शोधता एक जिवंत सापडला. आफ्रिकेत, घानाच्या ऑफिसात. का वाचला? हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती. मशिन बंद होतं, नेटवर्कवर नव्हतं, म्हणून वाचलं. पुढची धावपळ तर अजून मजेशीर. तिथलं इंटरनेट इतकं हळू की तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकजण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला. जगातली एक सर्वात मोठी जहाज कंपनी एका पिशवीतल्या डिस्कवर परत उभी राहिली.

चौकला राहणाऱ्या माणसाला लाईट जाण्याचं कौतुक कोणी सांगायला नको. पावसाळ्यात आमच्याकडे ढग आले तरी लाईट जाते. म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जाम हसू आलं होतं. नंतर माझ्यावरच वेळ आली.

मी नोकरी नवी मुंबईत करतो, पण शनिवारी मावसभावाबरोबर दुकानांची कामं करतो. हार्डवेअर त्याचं, सर्व्हर माझं. २०२४चा जून. एक दुकान, सिमेंट-स्टील-पत्र्याचं. नाव सांगत नाही, इकडचे लोक लगेच ओळखतील. मागच्या खोलीत टॉवर सर्व्हर, त्यावर सिमेंटची पांढरी साय, आत विंडोज सर्व्हर २०१२ आरटू. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३लाच संपला होता. मी सांगितलं होतं शेठना. "चालतंय ना? मग कशाला हात लावतो," असं ते म्हणाले. मीही फार ताणलं नाही.

शेठना रात्री जेवण झाल्यावर घरून उधारी बघायची असायची. ती सोय मी केली. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट, ३३८९, सरळ इंटरनेटला उघडं करून दिलं. पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि पुढे १२३. हसू नका. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी हेच केलंय ते मला माहीत आहे. बॅकअपसाठी एक यूएसबी हार्ड डिस्क सर्व्हरला कायमची लावलेली. रोज रात्री अकराला कॉपी व्हायची आणि हिरवी टिक यायची. दर महिन्याला जाऊन मी ती टिक बघायचो, चहा प्यायचो आणि वहीत लिहायचो, बॅकअप ओके.

एका सोमवारी सकाळी हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, टॅली कंपनी दाखवत नाहीये. आणि फाइलींची नावं बघा ना कशी झालीत." मी ऑफिसला निघालो होतो, पनवेलवरून परत फिरलो. बघतो तर प्रत्येक फाइलीला लांबलचक शेपूट, आणि डेस्कटॉपवर एक नोट की पैसे भरा, किल्ली मिळेल. यूएसबी डिस्क उघडली. तिथेही तेच. साहजिक आहे हो! डिस्क सर्व्हरला लावलेली, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने तो अजून एक फोल्डर. चोर घरात आला तर तिजोरीची किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली.

शेठ माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तू बोलला होतास ना, बॅकअप आहे?"

मी म्हटलं, "आहे शेठ. म्हणजे... होता."

पैसे भरले नाहीत. भरू नयेतच, किल्ली मिळेल याची खात्री काय? मग जुळवाजुळव सुरू झाली. खोपोलीच्या सीएकडे ऑडिटसाठी दिलेली मार्चअखेरची प्रत होती, ती मिळाली. एप्रिल-मेची विक्री जीएसटी पोर्टलवरून काढली, कारण जीएसटीआर-१मध्ये जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं एकेक दिसतात. खरेदी २बीमधून मिळाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, अडचणीच्या वेळी ते पोर्टल तुमची चौथी प्रत असते. पण ज्यांना जीएसटी नंबर नाही त्यांची तिथे फक्त एकूण बेरीज असते. आणि आपल्याकडे बांधकामाचा धंदा कोणाबरोबर चालतो? गावातला मिस्त्री, घराला स्लॅब टाकणारा शेतकरी, फार्महाऊसचा छोटा ठेकेदार. अर्धे रोख, अर्धे उधार. कोणी किती दिले, किती बाकी, हे फक्त त्या सर्व्हरमध्ये होतं. चलनांची कार्बन कॉपी होती, त्यावरून माल किती गेला ते कळलं. पैसे किती आले ते नाही कळलं.

पंधरा-वीस दिवस शेठ रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसून फोन करायचे. "काय रे, आपली किती बाकी आहे तुझ्याकडे?" ज्याने पैसे द्यायचेत त्यालाच विचारायचं. एक मिस्त्री स्वतःहून आला, खिशातली मळकी चिठ्ठी काढली आणि शेठच्या अंदाजापेक्षा जास्त बाकी आहे म्हणाला. काहींनी फोनच उचलले नाहीत. शेवटी किती बुडाले तो आकडा शेठनी मला सांगितला नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच सोमवारी रात्री आम्ही दोघं भाऊ बाकीच्या सगळ्या दुकानांत फिरलो आणि उघडी पोर्टं बंद केली. एका ठिकाणी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, सिक्युरिटीच्या लॉगमध्ये ४६२५ नंबर शोधला. हा नंबर म्हणजे लॉगिन करायचा फसलेला प्रयत्न. पान संपेनात. दिवसरात्र कोणी ना कोणी दाराची कडी हलवत होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. आज घरी गेल्यावर हे एकदा बघाच. पाच मिनिटांचं काम आहे.

तर आता मी काय करतो ते सांगतो.

रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. कोणाच्याही आग्रहाला नाही. बाहेरून लागतंच असेल तर आधी व्हीपीएन, वायरगार्ड किंवा टेलस्केल, आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. पण आधी शेठला विचारा की तुम्हाला नक्की बघायचंय काय. आमच्या शेठना फक्त उधारीची यादी हवी होती. आता ताई दुकान बंद करताना ती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. एवढ्यासाठी मी अख्ख्या सर्व्हरचं दार उघडं टाकलं होतं.

बॅकअपचं घाना करायचं, असं आम्ही भाऊ-भाऊ म्हणतो. दोन डिस्क, एकीला तांबडी पट्टी, एकीला निळी. एक दुकानात, दुसरी ताईंच्या पिशवीतून कर्जतला त्यांच्या घरी. सोमवारी आणि गुरुवारी अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढायची, वायरसकट. डिस्कला बिटलॉकर लावलेलं, म्हणजे पिशवी लोकलमध्ये राहिली तरी हिशेब बाहेर जायला नको. त्याची रिकव्हरी की कागदावर छापून शेठच्या कपाटात. आणि एक प्रत क्लाउडवर, पण अशा खात्यात की सर्व्हरला तिथे नवीन ठेवता येतं, जुनं पुसता येत नाही. टॅलीच्या बाबतीत एक सांगतो, कंपनी उघडी असताना फोल्डर नुसता कॉपी करू नका. अर्धवट प्रत येऊ शकते, आणि ती अर्धवट आहे हे उघडेपर्यंत कळत नाही.

प्रत दुसऱ्या गावात का? जुलै २०२१ला महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं ते आठवा. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअप त्याच टेबलाच्या खणात असेल, तर पाण्याला दोन्ही सारखेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिस्टोअर. हिरवी टिक फक्त सांगते की काहीतरी लिहिलं गेलं. ते परत वाचता येतं का, हे ती सांगत नाही. आम्ही दर तीन महिन्यांनी एक शनिवार ठेवलाय. डिस्क घ्यायची, सर्व्हरला हात न लावता दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं उतरवायचं, टॅली उघडायची, आणि ताईंना विचारायचं, अमुक पार्टीची परवाची बाकी किती? कागदावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला तरच ओके. मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो. पहिल्या वेळी पाच तास लागले, कारण ड्रायव्हर कुठे, लायसन्सचा ईमेल कोणाचा, पासवर्ड कोणाकडे, यातच वेळ गेला. आता दीड तास. शेठना सांगतो, "उद्या सर्व्हर जळला तर दुकान दीड तास थांबेल." असा आकडा व्यापाऱ्याला समजतो. "बॅकअप ओके" याचा अर्थ कोणालाच समजत नाही, मलाही समजला नव्हता.

यूपीएसचं पण बघून घ्या, पावसाळा तोंडावर आलाय. बहुतेक यूपीएसना मागे एक डेटा केबल असते, ती खोक्यातच पडलेली असते. ती सर्व्हरला लावा, म्हणजे बॅटरी संपायच्या आधी सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. लाईट गेल्यामुळे घानाचा सर्व्हर वाचला म्हणून आपला धाडकन बंद पडू द्यायचा, असं नाही!

आता तो पासवर्डचा मुद्दा. आपण वीस दुकानं सांभाळतो ना, त्या वीस दुकानांचं सामाईक दार म्हणजे आपला लॅपटॉप. सगळीकडे एकच अ‍ॅडमिन पासवर्ड, सगळीकडे एनीडेस्क, त्यालाही तोच पासवर्ड, आणि यादी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेली. जुलै २०२१ला कसेया नावाच्या सॉफ्टवेअरमधून नेमकं हेच झालं. ते सॉफ्टवेअर आपल्यासारखेच आयटीवाले वापरायचे, लांबून गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर सांभाळायला. त्यातून पंधराशेच्या आसपास धंद्यांना फटका बसला आणि स्वीडनमध्ये कूप या साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ला चालेना. लांब वाटतं? ३१ जुलै २०२४ घ्या. सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँका, सहकारी आणि ग्रामीण, त्यांचं यूपीआय-एटीएम अडकलं. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी नंतर सांगितलं की वाट एका सहयोगी कंपनीच्या नीट न बसवलेल्या जेनकिन्स सर्व्हरमधून निघाली होती. बँकेने काही केलं नव्हतं. बँकेच्या आयटीवाल्याच्या आयटीवाल्याने केलं होतं.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा पासवर्ड, आणि ते बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. रिमोटच्या खात्याला दुहेरी पडताळणी. रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरायचं नाही, ना दुकानात, ना आपल्या लॅपटॉपवर.

आता तारखा, पटापट. विंडोज सर्व्हर २०१२ आणि आरटूला पैसे भरून मिळणारे अपडेटसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ला संपतात. सर्व्हर २०१६ला १२ जानेवारी २०२७पर्यंत मुदत. एसक्यूएल सर्व्हर २०१६ त्याच्याही आधी, १४ जुलै २०२६. हॉस्पिटल किंवा गॅरेजच्या सॉफ्टवेअरखाली तो गुपचूप बसलेला असतो, तपासा. विंडोज १० तर १४ ऑक्टोबर २०२५लाच गेली, आणि कितीतरी दुकानांत तीच "सर्व्हर" म्हणून चालतेय. सिक्युअर बूटची २०११ची सर्टिफिकेटं जून २०२६पासून संपायला लागतायत. मशिन बंद पडणार नाही, पण बूटच्या पातळीवरचे पुढचे सुरक्षा अपडेट अडकतील, आणि सर्व्हरवर हे आपणहून होईल अशा भरवशावर राहू नका. कंपनीचा बायोस अपडेट आलाय का बघा.

नवीन घ्यायचा तर? सर्व्हर २०२५वर २०१२ आरटूपासून थेट अपग्रेड करता येतं, मधल्या पायऱ्या लागत नाहीत. तरी जुन्या मशिनवर मी करत नाही, नवीन मशिन आणि स्वच्छ इन्स्टॉल. पंचवीस माणसांच्या आतलं ऑफिस असेल तर इसेन्शियल्स एडिशन विचारा. २५ यूजर, ५० डिव्हाइस, वेगळी कॅल लायसन्स लागत नाहीत. पण ती हल्ली नवीन मशिनबरोबरच मिळते, सुटी नाही. आणि फक्त फाइल शेअरिंग हवं असेल तर विंडोज सर्व्हर पाहिजेच असं नाही. उबुंटू आणि सांबा, नाहीतर एखादा बरा नॅस, यावर दहा माणसांचं काम आरामात होतं. क्रॅक टाकून दहा जणांना एका विंडोजवर बसवायचा उद्योग मात्र सोडा. तो क्रॅक कोणी बनवला हे तुम्हाला माहीत नसतं.

कायद्याचं थोडक्यात. गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू हवा, आणि संगणकावरच्या हिशेबाची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर हवी. हे सीएला माहीत असतं, पण सर्व्हर आपण लावतो. हल्ला झाला तर सर्ट-इनला सहा तासांत कळवायचा नियम एप्रिल २०२२चा आहे. मला त्या सोमवारी तो माहीत नव्हता. पैशांची फसवणूक असेल तर १९३०.

राहता राहिले पैसे. तुम्ही म्हणाल, व्हिजिटचे पाचशे देताना शेठ कुरकुरतो, रिस्टोअर तपासायचे कोण देणार? मी पण तेच म्हणायचो. आता एएमसीच्या कागदावर वेगळी ओळ असते, "तिमाही रिस्टोअर तपासणी", समोर रक्कम. नको असेल तर शेठनी त्या ओळीवर काट मारून सही करायची. आतापर्यंत तीन जणांनी पेन उचललं, आणि तिघांनीही ते खाली ठेवलं. एकाने विचारलं, "असं काय होतं रे?" मी त्याला उधारीच्या फोनांची गोष्ट सांगितली. दुकानाचं नाव सांगितलं नाही, तरी तो म्हणाला, "कळलं कोण ते."

सिमेंटवाले शेठ अजून आमचेच गिऱ्हाईक आहेत. का ठेवलं, मला माहीत नाही. कालच्या शनिवारी तिथेच तपासणी होती. तांबडी डिस्क, एक तास चाळीस मिनिटं. ताईंनी मुद्दाम त्या चिठ्ठीवाल्या मिस्त्रीचं खातं उघडायला लावलं. आकडा जुळला. शेठ गल्ल्यावरून उठून आले, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "हे आपल्या सर्व्हरवर नाही ना, लॅपटॉपवर आहे?"

मी म्हटलं, "हो शेठ, सर्व्हर बंद आहे."

"मग चहा सांग," म्हणाले.

चला, लाईट फडफडायला लागलीये, जायच्या आत हे सेव्ह करतो. ४६२५मध्ये काय सापडलं ते कळवा, पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेऊ.